शुक्रवारच्या आधी

चार आठवडे झाले, पूरान लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो तांदूळ,
आणि अकरा मजले. खाली, वर, पुन्हा खाली.
सातव्या मजल्यावरचे तवक्कोलीसाहेब
दाराच्या फटीतून विचारतात,
"बाई, तांदूळ महागणार आहे की काय?"
ती कठड्याला टेकून म्हणते,
"जसजसं वर जावं, तसतसा."

तोचालचा माथा आमच्या गच्चीतून दिसतो,
तेहरानचा धूर परवानगी देईल त्या दिवशी.
काल नव्हता. आज आहे,
खांद्यावर थोडा पांढरा, मेहेर महिना उजाडतोय म्हणून.
ती वर्तमानपत्र पसरून त्याच्याकडे तोंड करून बसते
आणि पायाची नखं कापते, अगदी मुळापर्यंत.
"उतरताना नख बुटाला आपटतं,
मग काळं पडतं, मग गळून जातं,"
हे ती भाजीची कृती सांगावी तसं सांगते.

चाळीस वर्षं कोट शिवले मी.
तिला आतून एक खिसा हवा होता, डाव्या अंगाला,
थंडीत बॅटरी मरते, उबेला ठेवावी लागते.
किती वर्षांनी मी तिच्याभोवती टेप फिरवली.
आकडा पाहिला, गप्प राहिलो.
तिनंच मान वाकवून वाचला:
"सहा सेंटीमीटर वाढलेत.
श्वासाला जागा नको का? लिही."

माझा डोंगर शीरपलाच्या खोपटापाशी संपतो.
एकोणीस वर्षांपूर्वी तिथं बाकावर बसलो,
गुडघा धरून, चहावर चहा घेत.
ती वर गेली ती उन्हं कलल्यावर आली,
ओठ फुटलेले, भुवयांत धूळ,
आणि म्हणाली, "भूक लागलीय."
बस्स. वर काय होतं ते
तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
आता विचारायचं म्हटलं तर
एवढ्या उशिरा कुठल्या तोंडानं?

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला काटा जमिनीवर.
तहानलाडू, भूकलाडू: खजूर, अक्रोड,
संगक रोटीत गुंडाळलेलं पनीर,
मिठाची पुडी, थर्मास.
दुसरा स्वेटर आत. दुसरा स्वेटर बाहेर.
पुन्हा आत.
टूथपेस्टच्या टोपणाएवढ्या डबीत मलम.
माझी जुनी शिट्टी, जी मी कधीच वाजवली नाही.
काटा हलतो, ती भुवई वर करते,
चार खजूर काढून माझ्या हातावर ठेवते.

मग कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीनं लिहिते:
'दोन वाजता, असेन तिथून परत.'
फ्रिजच्या दारावर चिकटवते, लिंबाच्या चुंबकाखाली.
"हे तुझ्यासाठी नाही," म्हणते, "माझ्यासाठी.
पण तू वाचून ठेव."
मी वाचतो. अक्षर माझ्या आठवणीपेक्षा मोठं झालंय.

सॅकमधला तांदूळ तिनं परत डब्यात ओतला.
महिनाभर जिने चढून-उतरून
त्याची निम्मी कणी झालीय.
"उद्या मऊसर शोले कर," ती म्हणाली,
आणि नऊला दिवा मालवला.
झोप मात्र दोघांनाही आली नाही. माहीत होतं,
तरी दोघंही निजल्यासारखे पडून राहिलो,
एकमेकांना त्रास नको म्हणून.

पावणेचार.
बुटांच्या नाड्या ती दोनदा सोडते, दोनदा बांधते.
उंबऱ्यात उभी राहून अंधाराचा वास घेते.
टॅक्सीवाला खाली येऊन थांबलाय.
मी जिन्यातला दिवा लावायला जातो
तर ती लिफ्टचं बटण दाबते.
"आज पाय मोजून वापरायचे आहेत."

दार मिटलं. लाल आकडे उतरू लागले,
अकरा, दहा, नऊ, आठ,
सातवर थांबले.
या वेळी? तवक्कोलीसाहेब, बहुतेक पावाच्या रांगेसाठी.
मग सहा, पाच.

मी ताटात कणी घेऊन बसलो.
एकेक खडा, एकेक अख्खा दाणा.
घाई नाही.
दोन वाजायला अजून पुष्कळ वेळ आहे.